आधीं घर, मग बाकीचें सारें

ज्याला राहावयास घर नाहीं त्याला घर द्यावें, हें विधान इतकें सरळ आहे कीं त्यावर भाषण तें काय करावयाचें, असा प्रश्न आपल्या मनांत यावा. परंतु गेल्या शतकांत युरोप-अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या शहरांनीं बेघर माणसाला घर सोडून बाकी सर्व कांहीं देऊं केलें. रात्रीपुरती खाट दिली, गरम जेवण दिलें, औषध दिलें, उपदेश तर मुबलक केला. घर मात्र सर्वांच्या शेवटीं ठेवलें. फिनलंडनें हा क्रम उलटा केला. त्या प्रयोगाची हकीकत आज सांगावयाची आहे.

बेघर होणारीं सारीं माणसें एकाच प्रकारचीं नसतात. नोकरी गेली, भाडें थकलें, घरांत बेबनाव झाला, म्हणून कांहीं आठवडे निराश्रित झालेला मनुष्य थोडा हात मिळाला कीं बहुधा पुन्हां उभा राहतो. दुसरा वर्ग याहून निराळा. वर्षानुवर्षें रस्ता, धर्मशाळा, इस्पितळ आणि कोठडी यांच्यामध्यें फिरत राहिलेलीं हीं माणसें. दारूचें व्यसन, मनाचा आजार, कर्ज यांपैकीं एखादी तरी गोष्ट त्यांच्या पाठीशीं लागलेली असते. संख्येनें हा वर्ग लहान, पण त्याचा प्रश्न सर्वांत अवघड. आजचा विषय हाच वर्ग होय.

अशा माणसांसाठीं जी व्यवस्था रूढ होती तिला जिन्याची उपमा देतां येईल. पहिली पायरी म्हणजे रात्रीचा निवारा. दुसरी, देखरेखीखालील वसतिगृह. तिसरी, चांचणीपुरती मिळालेली खोली. आणि अगदीं वर स्वतःचें घर. दर पायरीवर अट ठरलेली. दारू सोडा, औषध नेमानें घ्या, नियम पाळा, म्हणजे वर जाल. चुकलांत तर खालीं. कागदावर ही योजना शहाणपणाची दिसे. प्रत्यक्षांत काय होई? ज्याला रात्रींच्या झोंपेचा भरंवसा नाहीं, औषधाची बाटली ठेवावयास फळी नाहीं, आलेलें पत्र घ्यावयास पत्ता नाहीं, त्यानें आधीं व्यसनमुक्त व्हावें अशी अपेक्षा केली जाई. पुष्कळजण मधल्याच पायरीवरून घसरत आणि पुन्हां तळाशीं येत. ज्या स्थैर्याच्या आधारानें माणूस सावरण्याचा संभव, तेंच सावरल्याचें बक्षीस म्हणून राखून ठेवलेलें होतें.

या क्रमाला न्यूयॉर्कमध्यें एक मोठा धक्का बसला. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानें १९९२ सालीं तेथें एक संस्था काढली आणि मनाच्या आजारानें पीडलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना व्यसनमुक्तीची वा उपचाराची अट न घालतां भाड्याचीं घरें मिळवून दिलीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, पांच वर्षांनंतर या भाडेकरूंपैकीं ८८ टक्के घरांत टिकून होते. जिन्याच्या पद्धतींतून गेलेल्यांचें प्रमाण ४७ टक्के होतें.

जें तेथें एका संस्थेनें केलें तें फिनलंडनें राष्ट्राचें धोरण म्हणून पत्करलें. त्या देशांत १९८७ सालीं झालेल्या मोजणींत बेघरांची संख्या १८,००० हून अधिक भरली होती. मित्रांकडे वा नातलगांकडे तात्पुरते राहणारेही तींत धरलेले असतात, हें ध्यानांत ठेवावें. त्याच्या आधीं दोन वर्षें स्थापन झालेली वाय-फाउंडेशन ही संस्था साध्या वस्त्यांतील इमारतींत एकएक सदनिका विकत घेऊन ती बेघरांना भाड्यानें देऊं लागली. हळूहळू आंकडा उतरला, परंतु दीर्घकाळच्या बेघरांचा गाभा हलेना. तेव्हां २००७ सालीं नेमलेल्या एका छोट्या मंडळानें जिनाच मोडून टाकण्याचा सल्ला दिला, आणि २००८ पासून सरकार, शहरें व लोकसंस्था यांनीं मिळून काम हातीं घेतलें.

या पद्धतीचें मर्म भाडेपट्ट्यांत आहे. घर दयेखातर दिलेलें नसतें; त्याचा करार राहणाऱ्याच्या नांवानें होतो, किल्ली त्याच्या हातीं असते, आणि भाडें तो आपल्या मिळकतींतून व सरकारी गृहभत्त्यांतून भरतो. भाडें थकविलें किंवा शेजाऱ्यांना उपद्रव दिला तर इतर भाडेकरूंप्रमाणेंच त्यालाही घर गमवावें लागेल. परंतु दारू सुटली नाहीं एवढ्याच कारणानें तें जात नाहीं. समाजसेवक, परिचारिका, कर्जाविषयीं सल्ला देणारे यांचें साह्य हाताशीं असतें. तें घ्यावें कीं न घ्यावें, हें त्यानें ठरवावयाचें.

घरांसाठीं जुन्या निवाऱ्यांचाही उपयोग झाला. हेलसिंकींतील साल्व्हेशन आर्मीच्या एका वसतिगृहांत अडीचशेच्या आसपास खाटा होत्या. तें पाडून-बांधून तेथें ८१ स्वतंत्र सदनिका केल्या. शहरांत १९८५ सालीं निवाऱ्यांच्या व वसतिगृहांच्या दोन हजारांहून अधिक खाटा होत्या. २०१६ सालीं त्या ५२ उरल्या. २००८ ते २०१५ या काळांत देशांतील दीर्घकालीन बेघरांची संख्या ३५ टक्क्यांनीं घटली.

शेजाऱ्यांचा विरोध तेथेंही झाला. त्याला उत्तर म्हणून रहिवाशांना बरोबर घेऊन परिसराची साफसफाई व शेजाऱ्यांशीं नियमित बोलणें, असें काम चालविण्यांत आलें. खर्चाविषयीं शंका घेणाऱ्यांनीं एवढें पाहावें कीं, बेघर मनुष्यही समाजाला फुकट पडत नसतो; रुग्णवाहिका, इस्पितळ, पोलीस व तुरुंग यांवरील त्याचा खर्च निरनिराळ्या खात्यांत पडतो, म्हणून एकत्र दिसत नाहीं.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कॅनडानें २००९ ते २०१३ या काळांत पांच शहरांतील दोन हजारांहून अधिक माणसांवर या पद्धतीची कसोटी घेतली. तींत घरांत टिकण्याचें प्रमाण पुष्कळ वाढलें. व्यसन व मानसिक विकार यांत मात्र दोन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच दिसली. घरानें बेघरपणा जातो. इतर दुखण्यांना त्यांचा त्यांचा उपचार लागतोच. शिवाय यश एकदां मिळालें म्हणून कायमचें राहत नाहीं. फिनलंडांत बेघरांची संख्या २०२३ सालीं ३,४२९ होती. गृहभत्ता व इतर साह्य यांत कपात झाल्यावर २०२४ सालीं ती ३,८०६ वर गेली. कित्येक वर्षांच्या उतारानंतरची ही पहिली चढती.

आपल्याकडील स्थिति वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारे १७ लाख ७० हजार माणसें बेघर नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रांतलीं. आपल्या पदपथावरील पुष्कळ कुटुंबें दिवसभर राबणारीं आहेत. त्यांना घर परवडत नाहीं, एवढाच त्यांचा दोष. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं मोठ्या शहरांतून दर लाख वस्तीमागें एक निवारा असावा असा आदेश दिला, तो आवश्यकच होता. पण निवारा ही जिन्याची पहिलीच पायरी. साठ लाखांच्या आंतबाहेर वस्तीच्या श्रीमंत देशाची योजना जशीच्या तशी येथें उचलतां येणार नाहीं, हें उघड आहे. तरी त्या देशानें विचारलेला प्रश्न आपणही स्वतःला विचारूं शकतों : आपल्या दारावरून रोज जाणाऱ्या या माणसाला घर देण्यापूर्वीं त्याची योग्यता सिद्ध करावयास आपण सांगतों; आपल्यापैकीं कितीजणांनीं राहत्या घरासाठीं तशी परीक्षा दिली आहे?