कामाचे बूट : निवड आणि निगा

कर्ज मंजूर करण्यापूर्वी आणि त्यानंतरही बँकेच्या अधिकाऱ्यास स्थळपाहणीसाठी जावे लागते. बेंगळुरू येथे नेमणुकीवर असताना प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला असे अनेक दौरे आले. पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका अर्धवट बांधलेल्या गोदामाचा जिना चढत असताना उजव्या बुटाचा तळ अचानक निखळला. जिन्याला कठडा नव्हता. सोबतच्या मुकादमाने दंड धरला म्हणून निभावले. बूट दोन-तीनदाच वापरलेले होते. पुढे चार वर्षे ते कपाटावरील खोक्यात जपून ठेवले होते. नुसते जपून ठेवणे म्हणजे निगा राखणे नव्हे, हा धडा त्या दिवशी मिळाला.

असे का घडते? आजच्या बहुतेक सुरक्षा-बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. तो हलका व मऊ असतो, चालताना थकवा कमी येतो. मात्र हवेतील ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि वर्षांनुवर्षे नुसत्या पडून राहिलेल्या बुटाचा तळ ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो. म्हणून खरेदी करताना किमतीइतकेच उत्पादनाच्या तारखेकडेही लक्ष द्यावे. दुकानात दीर्घकाळ पडून असलेला ‘नवा’ बूट सवलतीत मिळाला, तरी तो स्वस्त ठरत नाही.

निवड करताना

भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. १५२९८ हे मानक या बुटांसाठी आहे. त्याच्या दुसऱ्या भागातील सुरक्षा-बुटांच्या पुढील कवचाला २०० ज्यूल आघात सोसावा लागतो. सुमारे २० किलो वजनाची वस्तू एक मीटर उंचीवरून बोटांवर पडावी, इतका हा आघात असतो. तिसऱ्या भागातील बुटांसाठी ही मर्यादा १०० ज्यूल आहे, तर चौथ्या भागातील बुटांना असे कवच आवश्यक नसते. आपले काम कोणते, हे आधी ठरवून मगच खूण पाहावी. जड माल हाताळणाऱ्यास कवच हवेच. दिवसभर फिरणाऱ्या पर्यवेक्षकास न घसरणारा तळ अधिक मोलाचा. तापलेल्या डांबरावर काम करणाऱ्याने उष्णता सोसणारा रबरी तळ घ्यावा. स्थिर-विद्युत निचरा करणारे बूट विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देतात, असा समज मात्र धोकादायक आहे. वीजकामाचे बूट वेगळे असतात.

दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगतात. म्हणून बुटांची खरेदी सायंकाळी, कामावर वापरावयाचे मोजे घालूनच करावी. चामडे कालांतराने सैल होते, पोलादी कवच कधीच होत नाही. बोटांना आज बोचणारा बूट उद्याही बोचणारच.

ऋतुमानानुसार

महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या सहकाऱ्यास दसऱ्यानंतर पाऊस संपला असे वाटते. बेंगळुरूत तसे नाही. येथे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी कोसळतात, सप्टेंबर व ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने असतात आणि नोव्हेंबरमध्येही सरी येतात. त्यामुळे बूट सुकण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. अशा काळात बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वापरणे हाच उत्तम उपाय होय. पाणी साचलेल्या जागी किंवा ओल्या काँक्रीटमध्ये उतरायचे असल्यास चामडी बूट बाजूला ठेवून गमबूट घालावेत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते बुटात शिरून त्वचेला लागून राहिले, तर गंभीर जखमा होतात.

उन्हाळ्यात शत्रू असतो तो घाम. सुती मोजा घाम शोषतो, पण लवकर वाळत नाही. म्हणून मिश्र धाग्याचे मोजे घ्यावेत आणि दुपारी ते बदलावेत. विदर्भातील कडक उन्हात चामडे कोरडे पडून भेगाळते, तेव्हा त्याला मलमाची अधिक गरज असते. हिवाळ्यात जाड मोजे घालावयाचे असतील, तर बुटात तेवढी जागा आहे याची खात्री खरेदीच्या वेळीच करून घ्यावी.

रोजची निगा

काम संपल्यावर लाल माती व सिमेंटचे डाग त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसावेत. सिमेंट चामड्यातील स्निग्धता नष्ट करते. ओला बूट चुलीजवळ, हीटरपुढे वा रणरणत्या उन्हात ठेवू नये. त्यामुळे चामडे कडक होते आणि डिंक सुटतो. आतील गादी काढावी, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते ओले होताच बदलावेत आणि बूट वाऱ्याच्या जागी सावलीत ठेवावा. पूर्ण सुकल्यावरच मेणयुक्त पॉलिश लावावे. ओल्या चामड्यावर पॉलिश केल्यास ओलावा आतच कोंडतो आणि बुरशी धरते.

शिवून बसविलेला तळ चांगला चर्मकार बदलून देऊ शकतो. साच्यात ओतलेल्या तळाची दुरुस्ती सहसा टिकत नाही. ज्या बुटाच्या कवचावर मोठा आघात झाला आहे, तो वरून धड दिसला तरी पुन्हा वापरू नये. तळाची नक्षी झिजून सपाट झाली असल्यास, किंवा बूट वाकवल्यावर तळाला चिरा दिसल्यास, त्याला निरोप द्यावा.

शेवटी थोडा हिशेब. समजा, ९०० रुपयांचा बूट चार महिने टिकला, तर महिन्याला २२५ रुपये खर्च आला. २४०० रुपयांचा बूट निगा राखून दीड वर्ष वापरला, तर हाच खर्च सुमारे १३३ रुपये येतो. हा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकास मांडता येईल. पण कठडा नसलेल्या जिन्यावर तोल सांभाळणाऱ्या तळाची किंमत त्यात धरलेली नाही. कपाटावर बुटांचे एखादे जुने खोके असेल, तर ते आजच उघडून पाहावे.