एंडोमेट्रिऑसिस : निदानास लागणारा विलंब

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती त्या अवयवाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, उदरावरणावर, क्वचित आतड्यावर वा मूत्राशयावर वाढू लागते, त्या विकारास एंडोमेट्रिऑसिस ही संज्ञा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना व मुलींना तो होतो. असे असूनही पहिले लक्षण आणि निदान यांमध्ये बहुधा ४ ते १२ वर्षे लोटतात.

या विलंबाचे एक कारण वैद्यकाबाहेरचे आहे. पाळीत दुखावयाचेच, ही समजूत आईकडून मुलीकडे जाते. ‘लग्न झाले की थांबेल’ हे आश्वासन महाराष्ट्रात अपरिचित नाही, आणि ते केवळ घरातच मिळते असेही नाही. परंतु जे दुखणे नेहमीच्या वेदनाशामक गोळीस दाद देत नाही, दरमहा शाळा वा काम बुडवावयास लावते, किंवा समागमाच्या वा शौचाच्या वेळी जाणवते, ते स्वाभाविक मानणे चुकीचे होय.

दुसरे कारण विकाराच्या स्वरूपातच आहे. ऋतुस्रावाचा काही अंश बीजवाहिन्यांतून उलट उदरात उतरतो व तेथे रुजतो, अशी उपपत्ती अमेरिकन शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडली. असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत आढळतो, विकार मात्र थोड्यांनाच जडतो. तेव्हा ही उपपत्ती एकटी पुरेशी नाही. रुजलेल्या ऊतीचे ठिपके कधी अवघ्या काही मिलिमीटरांचे असतात. शिवाय त्यांचा विस्तार व वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. अंडाशयात जुने रक्त साठून झालेली ‘चॉकलेट सिस्ट’ सोनोग्राफीत दिसते. उदरावरणावरील वरवरचे ठिपके बहुधा दिसत नाहीत. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या शेऱ्याने विकार नाही असे सिद्ध होत नाही, हे रुग्णाने व डॉक्टरानेही ध्यानात ठेवावयास हवे. सीए-१२५ ही रक्तचाचणीही निर्णायक नव्हे. उदराच्या क्षयातही तिचा आकडा चढतो, आणि भारतात जननेंद्रियांचा क्षय हे ओटीपोटदुखीचे व वंध्यत्वाचे एक कारण असल्याने येथे ही शंका अगोदर फेडावी लागते.

लॅपरोस्कोपीने उदर पाहून ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हीच दीर्घकाळ खात्रीची कसोटी मानली जाई. प्रजनन व गर्भविज्ञान या विषयांच्या युरोपीय संस्थेने २०२२ मध्ये हा आग्रह सोडला. लक्षणे, तपासणी व सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे संप्रेरकोपचार आरंभिता येतो. प्रतिमांत काही न दिसल्यास, अथवा उपचार लागू न पडल्यास वा मानवण्याजोगे नसल्यास लॅपरोस्कोपीचा विचार होतो. गोळ्यांनी आराम पडला म्हणून निदान सिद्ध झाले असे मात्र नव्हे. शिवाय या गोळ्या चालू असता बहुधा गर्भधारणा होत नाही. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीस निराळा मार्ग धरावा लागतो.

पहिल्या भेटीत सर्वांत उपयोगी पडते ती रुग्णाने स्वतः ठेवलेली दोन-तीन महिन्यांची नोंद : पाळीच्या तारखा, दुखण्याचे दिवस व जागा, घेतलेले औषध व त्याचा गुण, बुडालेले काम. सिझेरियनच्या व्रणाशी किंवा बेंबीशी दरमहा गाठ सुजत असल्यास तीही तीत लिहावी.