छापील बॅटरी

नागपुराहून वर्ध्याकडे निघालें कीं बुटीबोरी लागते. तेथें पॉलिएस्टरचा धागा तयार होतो, हें विदर्भांत पुष्कळांस ठाऊक आहे. याच द्रव्याच्या पातळ पटलावर आतां बॅटरी छापतां येते. जस्ताची एक शाई, मँगनीज डायॉक्साइडाची दुसरी, आणि दोहोंमध्यें क्षाराचा ओला थर. जस्त झिजतें नि वीज वाहते. तत्त्व व्होल्टाचेंच, १८०० सालचें.

ही बॅटरी वांकते, म्हणून अंगास चिकटवून ताप मोजणाऱ्या पट्टींत ती उपयोगी पडते. शरीराच्या आंतील गोष्ट निराळी. १९५८ सालीं स्वीडनमध्यें आर्ने लार्सन यांच्या देहांत बसविलेला पहिला पेसमेकर कांहीं तासांतच थांबला. पुढें अनेक यंत्रें बदलीत ते २००१ पर्यंत जगले. आजहि बॅटरी क्षीण झाली कीं बहुतेक रुग्णांच्या छातीवरील त्वचा पुन्हां छेदावी लागते. मग तेथें ही मऊ बॅटरी कां नको? कारण पॉलिएस्टरमधून ओल हळूहळू झिरपते. पेसमेकर टायटॅनियमच्या बंद डबींत ठेवतात तो याचसाठीं. मऊपणा आणि अभेद्यपणा एकत्र साधेपर्यंत, ज्यांच्या घरीं असें यंत्र बाळगणारें वडीलधारें माणूस आहे, त्यांनीं नव्या वार्तेनें हुरळून जाऊन ठरलेली तपासणी चुकवूं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.