विज्ञान केंद्राची भेट आणि ग्रामीण विद्यार्थी : आटगाव परिसराच्या संदर्भात

वस्तुसंग्रहालयात वस्तू बहुधा काचेआड असते. विज्ञान केंद्रात ती हाताळावयाची असते. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापिलेले एक्सप्लोरेटोरियम हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९८५ मध्ये पूर्णत्वाने खुले झालेले वरळीचे नेहरू विज्ञान केंद्रही त्याच विचाराचे आहे.

कसारा लोहमार्गावरील आटगावच्या मुलांचा वरळीच्या सहलीतील बराचसा वेळ मात्र प्रवासातच जातो. उरलेल्या वेळात मुले कळ दाबतात आणि पुढच्या उपकरणाकडे धावतात. हात चालतात, प्रश्न पडत नाही. तो प्रश्न आधी परिसरातच पडावयास हवा.

आटगावच्या परिसरात तानसा धरण आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी उताराच्या बळावर मुंबईकडे वाहते. पंपाशिवाय ते इतके दूर कसे जाते? वर्गात बाटली, रबरी नळी व पेला एवढे साहित्य पुरे. बाटली वीत-वीत उंच करून पेला भरण्यास लागणारा वेळ मुलांनी नोंदवावा. नळीचे तोंड बाटलीतील पाण्याच्या पातळीवर नेताच धार का थांबते, याचा विचार करावा. त्यानंतर वरळीस गेलेले मूल दोन-चार उपकरणांपाशीच रेंगाळेल. सहलीच्या वेळापत्रकात त्या रेंगाळण्यास जागा ठेवावी लागेल.

पाणी मुंबईस जाते, मग शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का, हेही मुले विचारतील. त्याचे उत्तर उपकरणांच्या दालनात मिळण्यासारखे नाही. म्हणून परतल्यावरचा तास विज्ञानाच्या शिक्षकासमवेत भूगोलाच्या शिक्षकानेही घ्यावा.