गॅलरीतली मिरची आणि उन्हाचा हिशेब

भाजीवाला कोथिंबिरीसोबत चार मिरच्या फुकट टाकायचा बंद झाला की मिरची कडाडल्याचं पेपर उघडण्याआधीच कळतं. मग घरोघरी कुंड्या निघतात. पण बी पेरल्यापासून पहिली मिरची तोडायला अडीच-तीन महिने लागतात, तोवर भाव उतरलेलाही असतो. तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून या नादाला लागू नका.

बाकी कृती सोपी आहे. दहा-बारा इंची कुंडी घ्या, तळाला भोकं पाडा आणि माती, कोकोपीट, शेणखत भरा. घोडं अडतं ते उन्हापाशी. गणिताचे प्राध्यापक आणि ‘प्रयोग परिवार’चे जनक श्री. अ. दाभोळकर झाडाकडेही हिशेबाच्या नजरेनं बघत. पानांच्या किती पसाऱ्यावर किती ऊन पडतं, तेवढं पीक. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ शेतकऱ्यांइतकंच कुंडीवाल्यांनीही वाचावं. आपल्याकडे मात्र रोप रुसलं की आधी खताची पुडी फोडतात!

मीही तेच केलं होतं. पूर्वेच्या गॅलरीत जेमतेम दोन तास ऊन. रोप हातभर उंच, पानं गर्द हिरवी, पांढरी फुलं भरपूर. पण दोन दिवसांत फुलं देठासकट कठड्यावर पडलेली. चिमूटभर युरिया घातला, तर पानंच माजली. शेवटी कुंडी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी नेली. तीन आठवड्यांत फुलांच्या बुडाशी हिरवे टोकदार दाणे दिसू लागले.

मग आला बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग. पानाच्या कडा होडीसारख्या वर वळल्या तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. सुरुवातीलाच निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूनं फवारला तर दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात येतात. पण पानं बारीक, चुरडलेली आणि शेंडा खुंटलेला दिसला, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. जीव कितीही तुटला तरी रोप उपटून टाका, नाहीतर शेजारच्या कुंडीतली मिरची आणि टोमॅटोही जातील.

एवढं करून एका रोपावर आठवड्याला मूठभर मिरच्या मिळतात. मला त्या पुरतात, कारण फोडणीच्या वेळी तोडलेल्या मिरचीचा वास मंडईतल्या मिरचीला नसतो. तुमच्या गॅलरीत पाच-सहा तास थेट ऊन येत असेल तर जरूर लावा. येत नसेल तर पुदिना लावा.