वर्ल्डकप गहाण ठेवणारा क्लब!

ऑफिसच्या पॅण्ट्रीत गरम पाण्यात लिप्टनची टी-बॅग बुडवताना कधी फुटबॉल आठवलाय? नाही ना? पण ज्याच्या नावाचा हा चहा, त्या सर थॉमस लिप्टननं एक कप ठेवला होता. चहाचा नव्हे, फुटबॉलचा! आणि तो पटकावला इंग्लंडमधल्या एका खाणकामगारांच्या गावानं. तोही एकदा नाही, दोनदा.

गावाचं नाव वेस्ट ऑकलंड. (न्यूझीलंडचं ऑकलंड वेगळं, बरं का!) हे उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यातलं, कोळशाच्या पट्ट्यातलं छोटंसं गाव. क्लबची सुरुवात १८९३ची. संघातली बरीचशी मंडळी आठवडाभर खाणीत राबायची आणि सुट्टीला मैदानात उतरायची. पगार खाणीचा, फुटबॉल हौसेचा!

मोठे नाही म्हणाले

१९०९ साली इटलीतल्या तुरिन शहरात लिप्टनच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. फिफाचा पहिला वर्ल्डकप व्हायला अजून २१ वर्षं होती. इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड तयार झाले. पण इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं संघ पाठवायला चक्क नकार दिला. मग आमंत्रण गेलं थेट वेस्ट ऑकलंडला. का? यावर एक झक्कास किस्सा सांगतात. म्हणे लिप्टनला 'डब्ल्यू. ए.' म्हणजे वुलिच आर्सेनल हवा होता, पण पत्र चुकून भलत्याच 'डब्ल्यू. ए.'ला पोचलं! याला पुरावा काही नाही, पण किस्सा आहे भन्नाट.

आमंत्रण आलं खरं, पण जायचं कसं? भरपगारी रजा हा प्रकार खाणीत तेव्हा नव्हताच. जितके दिवस बाहेर, तितक्या दिवसांची मजुरी गेली. तरी पठ्ठे बोट आणि रेल्वेनं तुरिनला पोचले. स्टुटगार्टच्या संघाला २-० हरवलं, फायनलमध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथुरलाही २-०. कप गावात!

१९११ साली हीच मंडळी कप राखायला पुन्हा तुरिनला गेली. या वेळी फायनलला समोर होता युवेंटस. होय, तोच! स्कोअर? वेस्ट ऑकलंड ६, युवेंटस १. सलग दुसऱ्यांदा जिंकल्यामुळे कप कायमचा त्यांचा झाला.

कप आला, पैसा गेला

इथवर सगळं सिनेमासारखं. (१९८२ मध्ये डेनिस वॉटरमनला घेऊन यावर खरंच टीव्ही-फिल्म निघाली.) पण परत आल्यावर क्लबच्या डोक्यावर कर्ज होतं आणि खिशात दमडी नव्हती. आपल्याकडे अडीनडीला घरातल्या पाटल्या बाहेर निघतात. यांच्याकडे होतं काय? कप! गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकीणबाईंनी ४० पौंड दिले आणि कप तारण म्हणून ठेवून घेतला.

तो सुटायला १९६० साल उजाडलं. मधे दोन महायुद्धं झाली, फिफाचे सहा वर्ल्डकप झाले, पेलेचं नाव जगभर झालं. आणि युवेंटसला धूळ चारून मिळवलेला कप अजून गहाणच. शेवटी १०० पौंड मोजून गावानं तो सोडवून आणला. योग बघा, दुसऱ्याच वर्षी, १९६१ला, हा क्लब एफए अमॅच्युअर कपच्या फायनलसाठी वेम्बलीवर उतरला. वॉल्थमस्टो अ‍ॅव्हेन्यूकडून २-१ हरला, पण वेम्बली ती वेम्बलीच!

सोडवून आणलेला कप तरी गावाला लाभावा? तेही नाही. जानेवारी १९९४ मध्ये गावातल्या कामगारांच्या क्लबमधून तो चोरीला गेला. मग हुबेहूब तसाच नवा बनवून घेतला.

तरीही खेळ चालूच

क्लब मात्र आजही आहे. छोट्या क्लबांसाठी असलेल्या एफए व्हाजच्या फायनलला २०१२ आणि २०१४ अशी दोनदा धडक मारली. वेम्बलीवर दोन्ही वेळा हार. एकदा डन्स्टनकडून, एकदा शोलिंगकडून. म्हणजे वेम्बलीवर तीन फायनल, तिन्ही हातच्या गेल्या!

गंमत म्हणजे ज्यानं कप ठेवला, त्या लिप्टनचीही गत हीच. अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत तो १८९९ ते १९३० दरम्यान पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा हरला. पण हौस सोडली नाही.

वेस्ट ऑकलंडला या कपानं पैसा दिला नाही, उलट कर्जात घातलं. तरी पन्नास वर्षांनी त्याच गावानं पदरचे १०० पौंड टाकून तो परत आणला. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार कधीच बसणार नाही. हौशी क्लब मात्र असल्याच व्यवहारांवर टिकतात.

तेव्हा पुढच्या वीकएण्डला टर्फ बुक करताना तुमच्या ग्रुपमधल्या कुणी 'दोनशे रुपये कशाला?' म्हणून कुरकुर केली, तर त्याला ही स्टोरी ऐकवा. आणि मग दोनशे घ्याच!