दोरी किती सोडली?

जुलैतली पहाट होती, तरी लेक ईरी या सरोवराच्या मधोमध अंगात जाकीट नकोसं झालं होतं. क्लीव्हलँडहून निघून तासभर झाला होता. पाण्याचं तापमान 76 फॅरनहाइट, म्हणजे 24 सेल्सिअसच्याही थोडं वर. होडीवाल्याने पहिली दोरी पाण्यात सोडली आणि रिळावरचा दोरी मोजणारा आकडा बघत तो गप्प उभा राहिला. मला वेंगुर्ल्याचे आजोबा आठवले. खाडीकाठी गरवायला बसले की ते तंगूस तर्जनीवर धरायचे आणि शिसं तळाला टेकलं की त्यांच्या बोटाला कळायचं. इथे तळाशी काही संबंधच नव्हता. मासा साठ-सत्तर फूट पाण्यात मध्येच कुठेतरी तरंगत होता आणि आमिष त्याच उंचीवरून न्यायचं होतं.

हा मासा म्हणजे वॉलआय. पर्च कुळातला, सोनेरी-हिरवट अंगाचा. शास्त्रीय नाव सँडर विट्रियस, त्यातला विट्रियस म्हणजे काचेचा. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे विजेरीच्या उजेडात तो डोळा मांजरासारखा चमकतो. अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. मिनेसोटाने 1965 साली त्याला राज्याचा मासा केलं. पण त्याचं खरं राज्य मला ईरीत दिसतं.

ईरीचा पश्चिम भाग उथळ आहे, सरासरी खोली 24 फुटांच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या खडकाळ उंचवट्यांवर आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत वॉलआय अंडी घालतो. उन्हाळा चढला की तेच पाणी तळापर्यंत तापतं आणि मोठे मासे पूर्वेकडे निघतात. मध्यभागाची सरासरी खोली 60 फूट आणि तिथलं पाणी थरांत विभागलेलं असतं. वर गरम, खाली गार, मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा. गारव्यासाठी मासा सरळ तळाला जाईल असं मला आधी वाटायचं. पण वरून पडून कुजणारं शेवाळ तळाचा प्राणवायू खाऊन टाकतं आणि उन्हाळा सरता सरता तिथे श्वास घेण्याजोगं पाणी उरत नाही. वर उष्मा, खाली घुसमट. त्यामुळे वॉलआय मधल्या पट्ट्याच्या जरा वर, छोट्या माशांच्या थव्यांमागे फिरतो. अशा माशाला एका जागी बसून गरवता येत नाही. त्याला पाणी चाळत शोधावं लागतं आणि होडीमागे आमिष ओढण्याची, म्हणजे ट्रोलिंगची, गरज इथेच पडते.

ओढायचं ते क्रँकबेट, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. त्याच्या एका पूर्वजाची गोष्ट मला फार आवडते. फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब मच्छीमाराने पाहिलं की मोठा मासा थव्यातल्या नेमक्या त्या पिल्लावर झडप घालतो जे जखमी होऊन लचकत पोहतंय. 1936 साली त्याने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चॉकलेटच्या चंदेरी कागदात गुंडाळला आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. तोच लचका आजच्या आमिषांतही आहे. तोंडाशी ओठासारखी पट्टी असते. ओढलं की पाणी त्या पट्टीवर दाबतं, डोकं खाली जातं, अंग डोलतं. जितकी दोरी जास्त सोडाल तितकं ते खोल जातं, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे दोरीवरचा पाण्याचा रेटाच त्याला खाली जाऊ देत नाही. बारीक दोरीला रेटा कमी, म्हणून तेच आमिष तिच्यावर आणखी खोल उतरतं. हे कळल्यावर होडीवाल्याची नजर आकड्यावरून का हलत नव्हती ते लक्षात आलं.

दुसऱ्या बाजूला त्याने शिशाची तार पोटात असलेली विणलेली दोरी सोडली. तिचा रंग दर 30 फुटांनी बदलतो. ‘किती रंग सोडले?’ हा तिथला रोजचा प्रश्न. ही दोरी वेगाला फार हळवी. होडी हळू झाली की आमिष खाली बसतं, वेग वाढला की वर येतं.

वेग आम्ही ताशी दोन मैलांच्या थोडा वर ठेवला होता. वसंतातल्या गार पाण्यात हे फार झालं असतं. पण मासा थंड रक्ताचा असतो. गरम पाण्यात त्याचं पचन वेगाने होतं, भूक वाढते आणि तो पाठलाग करतो. होडीने डावं वळण घेतलं तेव्हा बाहेरच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या दोऱ्यांचा वेग आपसूक वाढला आणि त्यातल्याच एका दोरीला बांधलेली तरंगती फळी मागे ओढली गेली. फळीचं काम दोरी होडीपासून लांब बाजूला नेण्याचं असतं. ती मागे पडली की मासा लागला. दहा मिनिटांनी पुन्हा वळण, पुन्हा तीच बाजू. होडीवाल्याने इंजिनाचा वेग किंचित वाढवला आणि मग सरळ चालतानाही मासे लागू लागले.

उन्हाळ्यातल्या या मासेमारीची मला बोचणारी बाजू इथून सुरू होते. मासा पकडून सोडून दिला की पुण्य पदरात पडलं असं अनेकांना वाटतं. रोहू-कटल्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला घशाशी जोडणारी नळी असते. वॉलआयला ती नाही. खोलातून झटकन वर काढला की पिशवी फुगते आणि हवा बाहेर पडायला वाट नसते. त्यात गरम पाणी, दमछाक. पाण्यात परत टाकलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण जगेलच असं नाही. मिनेसोटातल्या मिल लॅक्स सरोवरावर सोडल्यानंतर मरणारे मासेही पकडीच्या कोट्यात धरतात आणि पाणी तापलं की हा हिशेब फुगतो. 2015 साली ऑगस्टच्या सुरुवातीलाच तिथली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली होती. तो हिशेब मला पटतो. भर उन्हाळ्यात खोल पाण्यातले मासे केवळ गंमत म्हणून पकडून सोडू नयेत. खाण्यापुरते घ्यावेत, लगेच बर्फात ठेवावेत आणि थांबावं.

ईरीच्या ओहायोतल्या पाण्यात माणशी सहा माशांची मर्यादा आहे. आम्ही तिघे होतो. साडेनऊला अकरा मासे बर्फात होते आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर 40 फुटांवर मोठा थवा दिसत होता. होडीवाल्याने विचारलं, घरी खाणारे किती? आम्ही मोजलं. त्याने एकेक फळी उचलली आणि रंगीत दोरी रिळावर परत यायला लागली. लाल, पिवळा, हिरवा.

संध्याकाळी मी काप हळद-तिखट-कोकमाच्या आगळात मुरवून रव्यात तळले. पांढरंशुभ्र मांस, गोडसर, काटा जवळजवळ नाहीच. आईने व्हिडिओ कॉलवर ताट बघितलं आणि विचारलं, ‘आमटीला डोकी ठेवलीस ना रे?’